लाटेला मारलेली हाक

कुराउरा बंदरात नामियोइतक्या खणखणीत आवाजात भांडणारी बाई दुसरी नव्हती. हे तिच्या तोंडावर सांगायची छाती असलेली माणसं गावात दोनच. एक तिचा नवरा रिंतारो आणि दुसरी शेजारची तोफूवाली सावा. बाकीच्यांना सांगावंच लागत नसे, त्यांच्या वतीने गाणं सांगायचं.

गाणं मच्छीमार सोसायटीने करवून घेतलं त्याला बेचाळीस वर्षं झाली. शब्द प्राथमिक शाळेच्या कुवाबारा गुरुजींचे, आवाज सोसायटीतल्या सोळा बायकांचे. माकूल मासळी धरायला जाणाऱ्या होड्या संध्याकाळी निघतात, म्हणून बंदरातल्या खांबांवर भोंगे लावून रोज पाचच्या ठोक्याला ते वाजवायचं ठरलं. पहिली ओळ होती ‘नामी यो, शिझुमारे’. नामी म्हणजे लाट, आणि यो हा हाक मारताना मागे लावायचा शब्द. हे लाटे, शांत हो, होड्या निघाल्या आहेत. गुरुजींनी चालच अशी बसवली होती की ‘नामीऽऽऽ’ चांगलं चार ठोके लांबवायचं, लाट लांबत किनाऱ्याला येते तसं, आणि मग ‘यो’ अलगद खाली ठेवायचं.

पण सोळा बायकांचा दम चार ठोके पुरेना. पुढच्या रांगेतली सावा दुसऱ्याच ठोक्याला ‘यो’वर येऊन पडली आणि तिच्यामागे सगळ्या. त्यात भोंगे जुन्या वळणाचे, आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा. गावाच्या कानापर्यंत पोचलं ते ‘नामियो, शिझुमारे’. नामियो, गप बस.

नामियो नावाची बाई त्या बंदरात एकच होती.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. वडिलांच्या सुक्या मासळीच्या दुकानापुढे तिने बांगडे जाळीच्या चौकटींवर ओळीने वाळत घातले होते, आणि रिंतारो नावाच्या एका नव्या खलाशाने आपला हातगाडा नेमका त्या चौकटींत घातला. अर्धे बांगडे चिखलात. नामियोने पदर खोचल्यासारखा एप्रन आवळला आणि सुरुवात केली. रिंतारोच्या डोळ्यांपासून त्याच्या गावच्या माणसांपर्यंत ती पोचली होती, एवढ्यात पाच वाजले आणि डोक्यावरचा भोंगा पहिल्यांदाच गायला लागला. “नामियो, शिझुमारेऽऽ!”

लिलावाच्या ओट्यावरची माणसं आधी दचकली, मग त्यांनी वर पाहिलं, मग नामियोकडे. त्यानंतर जो हशा उसळला तो म्हणे पलीकडच्या खाडीपर्यंत ऐकू गेला. रिंतारो तर खालीच बसला. नामियोने चौकटीवरचा ओला बांगडा उचलला आणि त्याच्या गालावर हाणला. दुसऱ्या दिवशी तो गालाला मासळीचा वास घेऊन माफी मागायला आला, तिसऱ्या दिवशी चौकटी दुरुस्त करायला आला, आणि पुढच्या वसंतात लग्न झालं. लग्नात पाहुण्यांनी कोणतं गाणं म्हटलं ते सांगायला नको.

तिथून पुढे नामियोची सुटका नव्हती. गिऱ्हाइकाशी वाजलं, गा. सोसायटीच्या सभेत ती उठून उभी राहिली, गा. बालवाडीतली पोरं एकमेकांवर चिडली की बाई सांगायच्या, “चला, सगळ्यांनी नामियो म्हणा बघू.” बिचाऱ्या कुवाबारा गुरुजींनी खरे शब्द छापून, वर लाटेचं चित्र काढून, घरोघर कागद वाटले. लोकांनी त्यात मासळी बांधली. नामियोने मात्र तो कागद जपून ठेवला आणि त्याचा दाखला देऊन दरवर्षी, न चुकता, पालिकेला पत्र लिहिलं की गाणं चुकीचं ऐकू येतं, त्याने एका सभ्य बाईची बदनामी होते, तरी ते नीट वाजवावं.

“सभ्य हा शब्द काढ,” रिंतारो म्हणायचा. “पालिका पुरावा मागेल.”

“अहो, तुम्ही गप्प बसा.”

“मी कुठे काय बोललो? भोंगा बोलतो.”

मग एका हिवाळ्यात वादळाने दोन खांब आडवे झाले आणि पालिकेने सगळेच भोंगे बदलायला काढले. काम आलं मिनेगिशी नावाच्या बाईंकडे. पस्तिशीच्या, नुकत्याच बदली होऊन आलेल्या, आणि फायलीतला कागद न् कागद वाचणाऱ्या. फायलीत त्यांना नामियोची पत्रं सापडली. इतकी वर्षं एका नागरिकाचं कोणी ऐकलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी गुरुजींचे मूळ शब्द शोधले, शहरातल्या संगीत शाळेतून एक गायिका आणली आणि गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं. वर पालिकेच्या मासिक पत्रकात चौकट टाकली: ‘एका ज्येष्ठ महिलेच्या भावना लक्षात घेऊन नागरिकांनी यापुढे गाण्याचे योग्य शब्द म्हणावेत, ही नम्र विनंती.’

पहिल्या दिवशी नामियो दुकानाच्या दारात हात बांधून उभी राहिली. पाच वाजले. “नामीऽऽऽ,” भोंगा गायला, सुबक, घासूनपुसून लख्ख केलेल्या आवाजात. चार ठोके. मग “यो”. लाटेला मारलेली हाक होती, यात आता आंधळ्यालाही शंका राहिली नसती.

“ऐकलंत?” तिने घराकडे तोंड करून विचारलं.

“ऐकलं,” रिंतारो म्हणाला. “दाताच्या डॉक्टरकडे वाजतं तसं आहे.”

गावात कुरकुर झालीच. नवीन गाणं पचपचीत आहे, असं लिलावाच्या ओट्यावर ठरलं. पण पत्रकात छापून आलं म्हटल्यावर लोकांचा नाइलाज झाला. थट्टा करायला कोणाची ना नव्हती, पण एका ज्येष्ठ महिलेच्या भावना दुखावल्या असं सरकारी कागदाने सांगितल्यावर तोंड उघडायचं कसं? लोक नामियोशी एकदम अदबीने वागायला लागले. कमरेत जरा जास्तच वाकायला लागले.

पहिले काही दिवस तिला ते आवडलं.

मग सामान पोचवणाऱ्या एका कंपनीचा ट्रक मागे येता येता तिच्या चौकटीला घासला. चौकटीचं काही बिघडलं नव्हतं, पण सवयीने नामियो बाहेर आली आणि सवयीनेच तिने आवाज लावला. ड्रायव्हर कोवळा होता, परगावचा होता. ती बोलत राहिली. ओट्यावरची माणसं मान खाली घालून ऐकत होती. आता कोणीतरी गाईल, असं तिला आत कुठेतरी वाटत होतं, आणि तेवढ्या भरवशावर ती आणखी वर चढली. कोणी गायलं नाही. ड्रायव्हरचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा सूट घातलेले दोन साहेब मिठाईचा खोका घेऊन तिच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि जमिनीला कपाळ लागेल इतके वाकले. त्या ड्रायव्हरला या रस्त्यावरून काढलं आहे, असं त्यांनी सांगितलं.

“अहो, पण मी तर नुसती ओरडले!” नामियो म्हणाली. “त्याला परत आणा. मी काय खाणार आहे का त्याला?”

साहेब पुन्हा वाकले. खोका तसाच कपाटात पडून राहिला. तिला तो उघडवेना.

त्याच आठवड्यात सावाचं प्रकरण झालं. एक गिऱ्हाईक सावाकडे तोफू घेताना म्हणालं, शेजारच्या मासळीला उन्हाची काय चव आहे! सावा भोळेपणाने बोलून गेली, “हो ना, आणि पावसाळी दिवस असला तर ती आत पंखा लावते.” हे खरं होतं. पण खरं म्हणून ते बोलायचं असतं का? नामियो दोन दुकानांमधल्या बोळात आली.

“सावा! बाहेर ये! पंखा काढतेस माझा?”

“आहे तो आहे म्हटलं. चोरून ठेवलायस का?”

“तुझ्या तोफूत पाणी किती असतं ते मी कधी कोणाला सांगितलं का?”

“तोफूत पाणीच असतं, अगं!”

अशी भांडणं दोघींची शाळेपासून चालत आली होती. शेवट ठरलेला असायचा. नामियोचा आवाज एका ठरावीक उंचीला पोचला की सावा हात कमरेवर ठेवून गायची, नामियो आणखी भडकायची, आणि मग दोघींपैकी कोणाला तरी हसू फुटायचं. त्या दिवशीही सावाने हात कमरेवर ठेवले, तोंड उघडलं, आणि नेमके पाच वाजले. “नामीऽऽऽ यो,” भोंग्यातली बाई गायली. दोघी थांबल्या. गाणं त्यांच्या डोक्यावरून गेलं ते थेट समुद्राकडे. त्यांच्याशी त्याला काही कर्तव्यच नव्हतं. सावाने तोंड मिटलं, आत गेली आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. रिंतारोला तोफू आणायला पुलापलीकडे जावं लागलं आणि त्याबद्दल तो रोज जेवताना एक सुस्कारा सोडायचा.

“जाऊन बोल की तिच्याशी,” तो म्हणाला.

“मी का? तिने बोलावं.”

“ती काय बोलणार? तिचे शब्द तू पालिकेकडून काढून घेतलेस.”

नामियोने यावर भात वाढला, पण जरा आपटूनच.

त्या शनिवारी ती संध्याकाळी सार्वजनिक स्नानगृहात गेली. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसली होती. बायकांची आणि पुरुषांची बाजू मधल्या भिंतीने वेगळी, पण भिंत छतापर्यंत पोचत नाही. पलीकडून वाफेबरोबर आवाज आला. चार-पाच म्हातारे ताल धरून गात होते, जुनं, दमात कमी पडलेलं, ‘नामियो, शिझुमारे’. कोणीतरी शेवटी आपल्याकडची एक तान जोडली होती. नामियो हसू दाबत पाण्यात आणखी खाली गेली. तेवढ्यात पलीकडे कोणी तरी दबक्या आवाजात म्हणालं, “श्श! आज ती आलीय. चपला बघितल्या मी.” गाणं चटकन थांबलं. नुसतं पाणी टपकत राहिलं.

इतका अपमान तिला बेचाळीस वर्षांत कधी वाटला नव्हता.

सोमवारी ती पालिकेत गेली. मिनेगिशीबाई उठून उभ्या राहिल्या.

“या ना, काकू. गाणं बरं वाजतंय ना आता?”

“छान वाजतंय. अगदी स्पष्ट.” नामियो खुर्चीच्या टोकावर बसली. “जरा जास्तच स्पष्ट.”

“म्हणजे आवाज कमी करू?”

“आवाज नाही. ते ‘नामी’ एवढं लांबवायची काही गरज आहे का? वेळ फुकट जातो. होड्या खोळंबतात.”

मिनेगिशीबाईंनी कपाटातून जाड फाईल काढली, तिच्यापुढे ठेवली आणि वरचं पत्र वाचलं. “ ‘नामी हा शब्द पुरेसा लांबवला जात नाही, याकडे मी आपले एकेचाळिसाव्यांदा लक्ष वेधते.’ काकू, हे तुमचंच अक्षर ना?”

“माझंच. बाई, माणसाला कधी मत बदलायची सोय आहे की नाही या कचेरीत?”

“आहे ना. अर्ज द्यावा लागतो.” हे मिनेगिशीबाई इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की त्या थट्टा करताहेत की काय, हे नामियोला कळेना. “पण काकू, शब्द लिहिणारे अजून आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मला गाण्याला हात लावता येणार नाही.”

कुवाबारा गुरुजी त्र्याण्णव वर्षांचे होते आणि डोंगरावरच्या वृद्धाश्रमात राहत होते. नामियो त्यांच्याशी शेवटचं बोलली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. रस्त्यात दिसले तर ती मान वळवायची. आता मिनेगिशीबाईंच्या गाडीत बसून, मांडीवर सुक्या बांगड्यांचं पुडकं घेऊन, ती त्यांच्याकडे निघाली. वाटेत दोनदा म्हणाली की परत फिरूया.

गुरुजी खिडकीपाशी बसले होते. तिथून सगळं बंदर दिसायचं. कानात मशीन होतं. मिनेगिशीबाईंनी सगळी हकीकत मोठ्याने, मुद्देसूद सांगितली. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि ते नामियोकडे वळले.

“मला पहिली दोन वर्षं झोप नव्हती,” ते म्हणाले. “एकच गाणं लिहिलं आयुष्यात. शब्द निवडायला सबंध हिवाळा घालवला. आणि गावाने त्यात एक मासळीवाली बसवली.”

“मी सांगितलं नव्हतं बसवायला,” नामियो म्हणाली.

“मग एकदा मी विचार केला. मी हाक मारली होती लाटेला. रोज पाच वाजता, बेचाळीस वर्षं. लाटेने एकदा तरी ऐकलं का? दोन खांब पाडले तिने. तू निदान अधूनमधून ऐकायचीस.”

“मी? मी कधीच ऐकलं नाही! माझ्यासारख्या बाईला एक भोंगा गप्प करणार होता होय? मी काय...”

“काकू,” मिनेगिशीबाई हळूच म्हणाल्या, “बाजूच्या खोलीत लोक झोपलेत.”

नामियो थांबली. गुरुजी हसत होते, आवाज न करता, खांदे हलवून. मग त्यांनी पुडकं नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवलं.

“कागदावर लाटच राहील,” ते म्हणाले. “तिथे मी काना-मात्रा बदलू देणार नाही. गाताना तुम्ही बायका किती दम धरता, ते मला इथून कुठे ऐकू येतंय?” आणि त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. परवानगी मिळाली होती.

जुनी टेप विरून गेली होती, म्हणून गाणं पुन्हा गाऊन घ्यायचं ठरलं. सोसायटीच्या सभागृहात रविवारी बायका जमल्या. जुन्या सोळांपैकी चौघी उरल्या होत्या, बाकीच्या त्यांच्या सुना आणि मुली. ताल द्यायला बालवाडीच्या बाई. या गाण्याच्या मागे लागून जन्म काढलेली नामियो ते गायला मात्र पहिल्यांदाच उभी राहिली होती, आणि पुढच्या रांगेत तिच्या शेजारी, जुन्या जागेच्या हक्काने, सावा. दोघी सरळ समोर बघत होत्या. अबोल्याला तीन आठवडे झाले होते.

“लक्षात ठेवा,” बाई म्हणाल्या, “ ‘नामी’ लांबवायचं नाही. दोन ठोके, की लगेच ‘यो’. एक, दोन...”

“नामियो...” सगळ्या गायल्या. आणि त्यांच्यावरून एकटीचा आवाज तरंगत राहिला, “...मीऽऽऽऽ”. सावा. चार ठोके, पुरेपूर. मग तिने ‘यो’ खाली ठेवला, गुरुजींना हवा होता तसा, अलगद.

“सावाताई, दोनच हं.”

“चुकलं,” सावा नम्रपणे म्हणाली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर तिने पाचवा ठोका घेतला.

“बाई, मी योग्य शब्द म्हणतेय,” सावा म्हणाली. “पत्रकात नम्र विनंती आली होती. कोणा ज्येष्ठ महिलेच्या भावना...”

“सावा!” नामियो वळली. ध्वनिमुद्रण चालू होतं, पण ते तिच्या ध्यानातही नव्हतं. “तेव्हा तुला दम धरता आला नाही म्हणून माझं सगळं आयुष्य भोंग्यावर गेलं! बेचाळीस वर्षं भोंग्याचा दोष, डोंगराचा दोष म्हणत आलीस. आणि आज, जेव्हा धरू नको म्हणून सांगतायत, तेव्हा बरा तुला दम आला! कुठून आणलास? पंखा लावून आणलास का?”

आवाज त्या ठरावीक उंचीला पोचला. आणि मग मागच्या रांगांतून, बाईंनी हात न हलवता, कोणी कोणाला खूण न करता, सगळ्या एकदम गायल्या, “नामियो, शिझुमारे!”

सावाने ओठ घट्ट मिटले. नाकातून एक विचित्र आवाज आला. मग ती जी हसायला लागली ती नामियोच्या दंडाला धरूनच. नामियोने दंड सोडवायचा प्रयत्न केला, निदान तसं दाखवलं, आणि तिच्या तोंडूनही फुस्सकन हसू सुटलं. बायका न थांबता पुढची ओळ गात राहिल्या, होड्या निघाल्या, दिवे लागले, आणि दोघी डोळे पुसत कशाबशा तिसऱ्या ओळीला जाऊन मिळाल्या.

नंतर पुन्हा दोनदा नीट गाऊन घेतलं. मिनेगिशीबाईंनी हसण्यातलं धरून तिन्ही शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, “तांत्रिकदृष्ट्या पहिलंच चांगलं आहे.” तांत्रिक म्हणजे काय, ते कोणी विचारलं नाही. बोलणं कापून टाकलं, पण पहिल्या ओळीच्या मागचा तो नाकातला आवाज काही निघेना. नव्याने राहायला आलेले लोक तो समुद्रपक्ष्याचा समजतात.

सभागृहातून दोघी बरोबरच निघाल्या.

“पण पंखा आहे हे खरंय,” सावा म्हणाली.

“आहे. पावसाळी दिवशी. आणि तेही दुपारपर्यंत.”

“तेवढंही सांगितलं असतं मी. तू पुढे बोलू कुठे दिलंस?”

“बरं, ते जाऊ दे. तुझ्या सुनेचं काय झालं? दवाखान्यात गेली होती ना?”

“अगं, जुळं आहे!”

“काय सांगतेस! आणि हे तू मला आज सांगतेस?”

तीन आठवड्यांच्या बातम्या साठल्या होत्या. पुलाशी थांबल्या, मग बोळाच्या तोंडाशी थांबल्या, मग सावाच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. रिंतारो दोनदा दारात येऊन डोकावून गेला. तिसऱ्यांदा तो वाडगं घेऊन आला, सावाच्या परातीतला तोफू त्याने आपल्या हाताने काढून घेतला, आणि दोघींना काही न विचारता घरात जाऊन एकटाच जेवायला बसला.